मोठीमायची चिमूट

मोठीमाय कुठल्याही वस्तूकडं आधी बघायची नाही, आधी ती चिमटीत धरायची. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं यांच्यामधून जगातली प्रत्येक गोष्ट एकदा तरी गेली पाहिजे असा तिचा नेम होता. ज्वारीचं पीठ, सोयाबीनचा दाणा, लुगड्याचा काठ, पाहुण्याच्या सदऱ्याची बाही आणि आम्हा पोरींचे गाल. चाकूरच्या बाजारातला कापडवाला तिला लांबून बघूनच म्हणायचा, "मावशी, आधी भाव ऐका, मग चिमटा घ्या." शीतलला, म्हणजे तिच्या एकुलत्या एका लेकीला, बघायला आलेल्या पहिल्या मुलाला चहा देता देता तिनं त्याची बाही अशीच धरली. आत येऊन म्हणाली, "सदरा नवाकोरा हाय, पण पोराच्या मापाचा न्हाई. कुणाचा तरी मागून आणलाय. उद्या बोलणं बी मागून आणील." ते स्थळ तिथंच बारगळलं.

ती माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमच्या भागात अशा चुलतीला मोठीमाय म्हणतात. माझी आई लवकर गेली, त्यामुळं माझ्या बाबतीत त्यातलं 'मोठी' हे नावापुरतं उरलं आणि ती नुसती माय झाली. मी शिकून लातूरला शाळेत नोकरीला लागले, लग्न केलं नाही, याबद्दल सगळ्या भावकीनं मला बोलून घेतलं. तिनं एकदाच विचारलं, "मनापासून करायलीस ना हे?" मी हो म्हटलं. तो विषय तिनं परत काढला नाही.

पण गावात तिचं नाव होतं ते गव्हल्यांमुळं. लग्न ठरलं की आमच्याकडं पाच सवाशिणी बसून मुहूर्ताचे गव्हले वळतात. रव्याच्या मऊ कणकेची बारीक वात घ्यायची, तिचं टोक चिमटीत फिरवायचं आणि गव्हाच्या दाण्यासारखा दाणा खाली सोडायचा. लग्नाच्या दिवशी त्याच गव्हल्यांची खीर नवरा-नवरीच्या ताटात वाढतात. इतर बायकांचे गव्हले गव्हाएवढे व्हायचे, मोठीमायचे जिऱ्याएवढे, आणि शिजले तरी एकाला एक चिकटायचे नाहीत. गावातल्या कितीतरी पोरींच्या लग्नात पहिला गव्हला तिनं सोडला होता. त्या बदल्यात तिला मिळायचं ते एक खण-नारळ आणि 'तुझ्या हाताला गुण हाय' एवढं ऐकायला. ते वाक्य तिला फार आवडायचं. "शीतीच्या लग्नाला असे वळीन," ती म्हणायची, "की मुंगीला बी वाटंल, आपलंच अंडं हाय."

शीतलचं लग्न कंधारला ठरलं, आणि त्याच पावसाळ्यात मोठीमायचा हात कुट्टीच्या यंत्रात गेला.

कडबा कापायचं हे विजेवरचं यंत्र आता आमच्याकडं घरोघरी झालंय. पूर्वी बाया विळतीवर वैरण कापायच्या. वेळ जायचा, पण बोटं शाबूत राहायची. त्या दिवशी लाईट गेली आणि ओली मका पात्यात अडकून बसली. लाईट गेल्यावर बटण बंद करायचं असतं, हे आमच्या गावात कुणालाही सांगून उपयोग नाही. बटण बंद केलं तर लाईट आलेली कळणार कशी? यंत्र आपोआप सुरू झालं की कळतं, लाईट आली. मोठीमायनं अडकलेली मका काढायला हात घातला, आणि लाईट आली.

उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं मुळाजवळ तुटली, तिसऱ्याचं वरचं पेर गेलं. दोन बोटं वैरणीत सापडली. मोठेबाबांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, ती पंचात गुंडाळली, दूध डेअरीवाल्यानं पंचासकट पिशवीत घालून बर्फात ठेवली आणि स्वतःच्याच गाडीतून दोघांना लातूरला आणलं. तिसऱ्या बोटाचं पेर काही सापडलं नाही. पुढं कुणी हळहळलं की मोठीमाय स्वतःच सांगायची, "ते म्हशीला गेलं. खाऊ द्या. दूध देती ती."

लातूरच्या त्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता, दुर्बिणीतून बघत नसा शिवणारा. मी शाळेतून धावत गेले तेव्हा तिला आत नेत होते. चेहरा चुन्यासारखा पांढरा पडलेला, आणि अशा अवस्थेत ती डॉक्टरला विचारत होती, "साहेब, गव्हले वळता येतील का?" डॉक्टर सोलापूरकडचा असावा, त्याला गव्हले माहीत होते. तो म्हणाला, "मावशी, आधी बोटं जगू द्या, मग बघू." शस्त्रक्रिया सकाळपर्यंत चालली आणि बोटं जगली.

मग सगळी भावकी बघायला आली. सगळ्यांत पुढं आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरीच राहिली आणि घरातलं कुठलंही कार्य तिच्या संमतीशिवाय हलेनासं झालं. सगळ्यांनी बोटांचा रंग बघितला, लाल आहेत म्हटलं, देवाचे आभार मानले आणि केळी खाऊन निघून गेले. त्यांच्या हिशोबी गोष्ट संपली होती, बोटं होती तिथं परत बसली होती. पण त्या बोटांना काही कळत नव्हतं. टोचलं तरी कळत नव्हतं, भिजलं तरी कळत नव्हतं. "माझ्या हातावर दोन पाव्हण्या येऊन बसल्यात," मोठीमाय म्हणाली. "खात्यात, पित्यात, गोऱ्या-गोमट्या दिसत्यात. बोलत तेवढ्या न्हाईत."

फेऱ्या माराव्या लागणार म्हणून ती माझ्याच खोलीवर राहिली. पट्ट्या निघाल्यानंतरची गोष्ट. मी नको नको म्हणत असताना ती भाकरी करायला बसली. बोलता बोलता मला करपल्याचा वास आला. मला वाटलं भाकरी करपली. बघते तर तिची ती दोन बोटं तव्याच्या काठावर टेकलेली, आणि ती माझ्याकडं बघून शाळेतल्या पोरांबद्दल काहीतरी विचारत होती. मी किंचाळून तिचा हात ओढला. फोड आलेल्या बोटांकडं ती बराच वेळ बघत बसली. मग पहिल्यांदा रडली. दुखत असतं तर रडली नसती, असं तीच म्हणाली.

डॉक्टरनं सांगितलं की नस तुटल्या जागेपासून टोकाकडं वाढत येते, पण फार सावकाश. दिवसाला तांदळाच्या टोकाएवढीही नाही. तो बोटावर हळूच टिचकी मारत वर सरकायचा आणि जिथं मुंग्या येतील तिथं तिला 'थांबा' म्हणायला सांगायचा. नस तिथवर पोचलेली असायची. आणि नस पोचली म्हणून काम झालं असंही नाही. डोक्याला त्या बोटांची भाषा नव्यानं शिकवावी लागते. त्यासाठी त्यानं अभ्यास दिला. वाट्यांमधून वेगवेगळ्या जिनसा घ्यायच्या, आधी बघत बघत चाचपायच्या, मग डोळे मिटून ओळखायच्या. शाळेतून आले की मी तिच्यासमोर बसायची. तीळ, उडीद, वाळू, कापूस आणि राख, हा आमचा अभ्यासक्रम. शेवटी मी तिचं एक बोट दाबायची आणि विचारायची, "कोणतं?"

पहिल्यांदा ती सगळं चुकायची. पहिलं दाबलं की मधलं म्हणायची. "दार एकाचं वाजवावं अन् शेजारच्यानं 'ओ' द्यावी, तसं व्हायलंय," ती म्हणायची. मग जाणीव यायला लागली ती दुखण्याच्या रूपानं. थंड पाण्याचा थेंब पडला तरी बोटांतून कळ जायची, कापूस काट्यासारखा लागायचा. मी घाबरायची, ती खूश व्हायची. "बोलायल्यात बघ पाव्हण्या," ती म्हणायची. "भांडून का हुईना, बोलायल्यात."

आणि एका रविवारी तिनं डोळे मिटून परातीतल्या पिठात हात घातला, चिमटी वर काढली आणि म्हणाली, "केस हाय गं पिठात. तुझाच हाय, लांब हाय." मी बघितलं, तर खरंच माझा केस होता. मी तिच्या गळ्यात पडले. तिनं मला दूर केलं आणि तशीच डोळे मिटून माझा गाल त्याच दोन बोटांनी ओढला, इतका जोरात की डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी तिनं रवा भिजवला. पहिले गव्हले वाटाण्याएवढे झाले. ती ते करायची, मोडायची, पुन्हा करायची. लग्न जवळ आलं तेव्हा तिचे गव्हले गव्हाएवढे होत होते. जिऱ्याएवढे नव्हते, पण तिचे होते. डॉक्टरला दाखवायला नेले, तर तो त्या वाटीकडं बघतच राहिला. "आता घरी जा मावशी," तो म्हणाला, "पण अभ्यास सोडू नका."

तिनं अभ्यास सोडला नाही, तिथंच घात झाला. लातूरच्या माझ्या खोलीत जे औषध होतं ते गावातल्या ओसरीवर भलतंच दिसायला लागलं. एक बाई सकाळ-संध्याकाळ डोळे मिटून बसते, पुढं काळे तीळ, काळे उडीद आणि राख, चिमटीत धरून काहीतरी पुटपुटते. ती पुटपुटायची 'तीळ', 'उडीद', 'राख' एवढंच. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. कुणी म्हणालं, ती मेलेल्या बोटांशी बोलते. कुणी म्हणालं, बर्फात ठेवलेली बोटं म्हणजे मढंच की, त्यात दुसरंच काही शिरलं असेल. आत्यानं हे सगळं ऐकून घेतलं आणि खोडून काढलं नाही. मी सुट्टीत गेले तेव्हा मोठीमायला म्हटलं, आत बसून कर. ती म्हणाली, "आत अंधार हाय. अन् म्या काय चोरी करायलेव?"

मुहूर्ताच्या गव्हल्यांचा दिवस आला. माजघरात सतरंजी घातली, पाटावर रव्याची कणीक ठेवली. सवाशिणी जमल्या. मोठीमाय हिरवं लुगडं नेसून, हात स्वच्छ धुऊन पाटासमोर बसली. शेजारी नटलेली शीतल. मी दाराशी उभी होते. मोठीमायनं कणकेची वात हातात घेतली तशी आत्या म्हणाली, "थांब गं. तू नगं."

"का?" मोठीमायनं विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

"ती बोटं एकदा मेलीती," आत्या म्हणाली. "तुटली तवाच गेली ती. पंचात गुंडाळून नेली, बर्फात ठेवली. मेल्या बोटांनी मंगलाचं काम सुरू करतेत का? कंधारच्या लोकांच्या कानावर गेलं तर?"

मी पुढं झाले. "आत्या, मेलेली बोटं दुखत नसतात. हिची दुखतात. डॉक्टरांना विचार."

"तुला काय कळतंय लग्नातलं?" आत्या म्हणाली, आणि दोघी-तिघी हसल्या. मोठेबाबा बाहेर बसले होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. ते पान लावत राहिले. मोठीमायनं कुणाकडंच बघितलं नाही. ती फक्त शीतलकडं बघत होती. तिला बाकी कुणाची परवानगी नको होती. ती पोरगी एक शब्द बोलली असती, तर त्या माउलीनं अख्ख्या गावाला पुरतील इतके गव्हले वळले असते.

शीतल पदराशी चाळा करत म्हणाली, "राहू दे ना आई. उगं कशाला."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. शीतल वाईट पोरगी नव्हती. तिला सासरची भीती होती, आणि भीतीनं माणूस जे करतं ते तिनं केलं. मला हे आज समजतं, पण तिला माफ करणं मला अजून जमलेलं नाही.

मोठीमायनं हातातली वात पाटावर ठेवली, दुसरीला जागा करून दिली आणि उठून गोठ्यात गेली. मी मागं गेले. ती म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. "बोटं तुटली तवा कळलंच न्हाई बघ," ती म्हणाली. "धा-बारा घटका बर्फात हुती, तवा बी न्हाई कळलं. आता कळायलंय. कामून आणली म्या ही परत?"

लग्न झालं. खीर मी खाल्ली नाही, तिनं खाल्ली. चिमटीत एक गव्हला धरून म्हणाली, "जाड वळलेत. आत कच्चेच राहिलेत." पाठवणीच्या वेळी शीतल तिच्या गळ्यात पडून रडली, बाकीच्यांसारखीच रडली. सगळे गेल्यावर मोठीमाय उंबऱ्यावर बसून स्वतःचे दोन्ही हात पुढं धरून बघत होती. मी विचारलं, काय झालं. "शीतीनं जाताना डावा हात धरला," ती म्हणाली. "उजव्याला लागू दिलं न्हाई." मी म्हटलं, गडबडीत झालं असेल. ती हसली. माणसाचं खोटं ओळखायला तिला चिमटीची गरज पडायची नाही.

त्यानंतर तिनं ओसरीवर बसणं सोडलं. वाट्या फडताळात गेल्या. हिवाळ्यात बोटं निळसर पडायची, कळा मारायच्या, तेव्हा ती हात काखेत घालून बसायची. लातूरला ये म्हटलं तर म्हणायची, "आता काय शिकायचं राहिलंय?" मी मात्र गेले की वाट्या बाहेर काढायची, दार लावून घ्यायची आणि आमचा जुना अभ्यास चालायचा. ती आता एकही चुकत नव्हती. मी बोट दाबायची, "कोणतं?" विचारायची आणि ती लगेच सांगायची. कधी कधी मी दाबायच्या आधीच सांगायची आणि हसायची. निघताना माझ्या पिशवीत गव्हल्यांचा डबा असायचा. ते पुन्हा जिऱ्याएवढे झाले होते. गावात हे कुणालाच माहीत नव्हतं. "लगीन न करणारीला गव्हले चालत्यात," ती म्हणायची, "तुला कुणाचं काय वाईट व्हायचं भ्या न्हाई."

गेल्या थंडीत ती गेली. छातीत दुखतंय म्हणाली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मी पोचले तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, कपाळभर कुंकवाचा मळवट. मोठेबाबा कोपऱ्यात बसले होते, आणि नवऱ्याआधी गेली म्हणून ती एकाएकी भाग्यवान ठरली होती. अहेव मरण आलं की आमच्याकडं बायकांची रीघ लागते. तिचं कुंकू लावून घ्यायचं, तिचा हात डोक्यावर ठेवून घ्यायचा, म्हणजे आपल्यालाही तसंच मरण येतं. मेल्या म्हशीला मणभर दूध. "काय हाताला गुण हुता," बायका म्हणत होत्या. त्यात माजघरात हसलेल्याही होत्या.

आत्या मढ्यापाशी बसून सगळं नीट करून घेत होती. तिनं मोठीमायचा उजवा हात उचलला. तीच दोन बोटं तिनं कुंकवाच्या करंड्यात बुडवली आणि कंधारहून आलेल्या शीतलच्या कपाळाला टेकवली. शीतलनं डोळे मिटले आणि तो हात स्वतःच्या गालाशी धरून ठेवला. मी ते बघितलं आणि मला राग आवरला नाही.

"आत्या, ही तीच बोटं हैत," मी म्हणाले.

"हाव," आत्या शांतपणे म्हणाली. "पर आता चालत्यात."

मी खाली बसले. शीतलच्या हातातून तो हात काढून घेतला. बोटं गार होती. गार लागलं की तिला किती कळ यायची ते मला आठवलं, म्हणून मी ती दोन्ही हातांत धरली. मग सवयीनं मधलं बोट दाबलं आणि थांबले.

मागं बायकांची रांग खोळंबली होती. आत्यानं माझ्या खांद्याला हात लावला आणि म्हणाली, "सरक गं बाजूला. सवाशिणींना येऊ दे."